चपला कुठे काढायच्या

अनन्या, रोहन,

मागच्या महिन्यात अनन्याचा टोरांटोहून फोन आला. शाळेत पोस्टर करायचं होतं, ‘माझा धर्म : पाच मुद्दे’. “आजी, तू शाळेत हेच शिकवायचीस ना? पटकन पाच पॉइंट सांग, मी लिहून घेते.” मी चार सांगितले. पाचव्याला अडकले आणि दारावर कोणीतरी आलंय असं सांगून फोन ठेवला. दारावर कोणी नव्हतं.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाई दर वर्षी मागे लागतात, “रावबाई, नोकरीतले अनुभव लिहा की.” दर वर्षी मी टाळत आले. या वर्षी लिहिते आहे, पण खरं तर तुम्हा दोघांसाठी. तुम्हाला मराठी वाचता येत नाही, तेव्हा तुमची आई वाचून दाखवेल. मध्येच ती थांबली तर घाई करू नका. हे घडलं तेव्हा ती बंगळूरला होती. तिला यातलं अर्धंच माहीत आहे.

तमिळ मुलखातल्या आमच्या या शहरात, गिंडीजवळच्या एका इंग्रजी शाळेत मी एकोणतीस वर्षं शिकवलं. मुख्य विषय इतिहास. पण शेवटची अकरा वर्षं नववीच्या वर्गांना आठवड्यातून एक तास ‘धर्मांची ओळख’ हाही विषय माझ्याकडे होता. परीक्षा नाही, गुण नाहीत. त्यामुळे कोणालाच तो नको होता. मुख्याध्यापकांनी विचारलं तेव्हा बाकीच्या शिक्षिका खिडकीबाहेर पाहू लागल्या, आणि मी हात वर केला. मला नीटनेटकं काम आवडतं. ज्या कामाची कोणी नीट आखणी केलेली नाही, ते तर फारच आवडतं.

आधीच्या बाई फळ्यावर तक्ता काढत. संस्थापक, ग्रंथ, देव, सण. हिंदू धर्माच्या रांगेत पहिल्याच चौकोनात त्यांना ‘माहीत नाही’ लिहावं लागे, आणि मुलं हसत. मी तो तक्ता बंद केला आणि धर्म उंबऱ्यापासून शिकवायला लागले. पहिल्या तासाला एकच प्रश्न : तुम्ही देवाच्या दारात जाता तेव्हा आत पाऊल टाकण्याआधी काय करता? चपला काढतो. बरं, कुठे काढता? पायरीखाली, की पायरीवर? पाय धुता का? डोकं झाकता का? कोणता पाय आधी टाकू नये म्हणतात? तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना ‘मोक्ष’ म्हटलं की जांभई येते, पण चपला चोरीला गेल्याची गोष्ट प्रत्येकाकडे असते. तिथून आत शिरायचं. मंदिराच्या दारातून कर्म आणि पुनर्जन्माकडे, विहाराच्या दारातून दुःख, दुःखाचं कारण, त्याचा शेवट आणि त्या शेवटाकडे नेणारी वाट इथपर्यंत. गुरुद्वाराच्या दारातून एक ईश्वर, कष्टाची भाकरी आणि वाटून खाणं. नेमलेले धर्म हे तीनच, प्रत्येकाला दोन तास. शेवटी एक भेट आणि एक प्रदर्शन.

नियम तीन होते. ‘ते लोक’ म्हणायचं नाही. कोणाचं चांगलं, कोणाचं वाईट हे ठरवायचं नाही. आणि ऐकीव सांगायचं नाही, पाहिलेलं सांगायचं.

तिसरा नियम मी स्वतः कधीच नीट पाळला नाही. आमच्या तंजावूरच्या घराला दोन दारं होती. पुढच्या दाराने कोण येतं आणि मागच्या दारी उभं राहून कोण पाणी पितं, हे मला कोणी शिकवलं नाही. पाहूनच कळलं होतं. वर्गात मी पुढच्या दाराबद्दलच बोलत असे.

गिऱ्हाइकं मात्र तऱ्हेतऱ्हेची भेटली. एक वडील फक्त एवढं विचारायला आले की याचा इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेला काही उपयोग आहे का. नाही म्हटल्यावर म्हणाले, “मग त्या तासाला त्याला लायब्ररीत बसवा, मॅडम, गणितं करील.” एका आईने चिठ्ठी पाठवली की आमच्या मुलीने गुरुद्वारात डोकं झाकलं तर चालेल पण वाकू नये. मी उलट चिठ्ठी पाठवली की तिथे जमिनीवर बसून जेवायचं असतं, आणि वाकल्याशिवाय बसायची युक्ती मला माहीत नाही. मुलगी आली, चार पोळ्या जेवली.

गुरुद्वारातले एक वयस्कर सरदारजी आमची वाट पाहत. जन्म इथलाच, तमिळ माझ्याहून स्वच्छ. मुलांच्या डोक्याला रुमाल बांधता बांधता ते प्रत्येकाला दम देत, “सुटला तर परत माझ्याकडे ये, आपलं आपण बांधू नकोस, पोंगलच्या मडक्यासारखं दिसतं.” मग सगळ्यांना पोळ्या लाटायला बसवत. आमच्या मुलांच्या पोळ्या कोणाच्या श्रीलंकेच्या आकाराच्या, कोणाच्या त्याहून वाईट. ते सगळ्या भाजत, एकही टाकत नसत. जेवायला सगळे एका रांगेत, एकाच सतरंजीवर. एकदा एका मुलाने विचारलं, “सर, इथे जेवायला नाव नोंदवावं लागतं का?” ते म्हणाले, “नाव विचारायला बसलो तर डाळ गार होईल, कण्णा.” कण्णा म्हणजे बाळा. परतीच्या बसमध्ये मी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. पुढे दर वर्षी वर्गात सांगायचे. मला वाटायचं, सांगितलं की शिकवून झालं.

प्रदर्शनाची पद्धत अशी : घरी ज्या जागी दिवा लागतो तिथली एक वस्तू प्रत्येकाने आणायची. तीन टेबलं. प्रत्येक वस्तूखाली माझ्या अक्षरातलं पांढरं कार्ड : विद्यार्थ्याचं नाव, वस्तू, धर्म. हिंदू टेबलावर जागा पुरत नसे. एका वर्षी एकोणीस गणपती झाले. शीख टेबलासाठी सरदारजी एक जास्तीचं कडं आणि एक रेशमी रुमाल उसना देत. बौद्ध टेबल मात्र केविलवाणं. सारनाथची पोस्टकार्डं, कोणाच्या मामाने कोलंबोहून आणलेलं पिंपळपान, आणि भेटवस्तूंच्या दुकानातला पोट सुटलेला हसरा बुद्ध. तो दर वर्षी दोघे-तिघे तरी आणतच. एकाच्या बुडाला किमतीची चिठ्ठी तशीच होती.

माझ्या टिपणवहीत बौद्ध धर्माच्या पहिल्या तासाचं शेवटचं वाक्य असं होतं : ‘हा धर्म भारतात जन्मला, पण आज भारतातून जवळजवळ नाहीसा झाला आहे.’ ते वाक्य मी सात-आठ वर्षं फळ्यावर लिहीत होते.

आता प्राचीकडे येते.

वेलचेरीच्या आमच्या इमारतीत तळमजल्यावरचं घर वसंतामामींचं. मामी नात्याने नव्हेत, इथे ब्राह्मण बायकांना तसंच म्हणतात; त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहत, विधवा, मुलगा परदेशात. इमारतीत पाणी शिरलं होतं त्या पावसात सगळ्यांना त्यांनी आठ दिवस सांबार-भात घातला होता, हे आधी सांगते, कारण पुढे मी जे सांगणार आहे त्यावरून तुम्ही त्यांच्याबद्दल एकच मत कराल. त्या पुरानंतर तळमजल्याचं घर कोणी घेईना. भिंतीवर कमरेइतक्या उंचीवर पाण्याची तपकिरी रेघ राहिली होती. मामींना भाडेकरू हवा होता, पण ‘चांगलं शाकाहारी कुटुंब’ हवं होतं.

एका जून महिन्यात फाटकापाशी मला मराठी ऐकू आलं. एक बाई मुलीला म्हणत होती, “अगं, पाटी वाच, फ्लॅट नंबर लिहिलाय का?” मी वळलेच. इथे राहून मराठी कानावर पडणं किती दुर्मीळ, ते तुम्हाला कळेल. निदान मराठीच्या बाबतीत तरी. मी आमच्या घरच्या मराठीत विचारलं, कुठले तुम्ही? मुलगी हसायला लागली. आईने तिला कोपराने ढोसलं. आमची तंजावूरची मराठी ऐकून महाराष्ट्रातली माणसं हसतात, याची मला सवय आहे.

आईचं नाव सुनंदा. नवरा शहराच्या दुसऱ्या टोकाला, अंबत्तूरला, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नुकताच बदलून आला होता. मुलगी प्राची, नववीत, आणि तिचा प्रवेश आमच्याच शाळेत झाला होता. तिथल्या तिथे मी त्यांना मामींकडे घेऊन गेले. मामींनी मला बाजूला घेऊन तमिळमध्ये विचारलं, “कोण माणसं? कशी आहेत?”

मी म्हटलं, “मामी, आमचीच माणसं.”

हे मी खोटं बोलले नाही. मला तसंच वाटलं. महाराष्ट्रातल्या माणसाने कदाचित आडनाव विचारलं असतं आणि त्याला लगेच काहीतरी कळलं असतं. आम्हाला तिथल्या आडनावांचा गंध नाही. आमच्याकडे सगळेच राव, आणि शाळेच्या पटावर तर आडनाव नसतंच, नावापुढे वडिलांचं एक आद्याक्षर. माझ्या ओळखीच्या जगात या शहरात मराठी बोलणारं घर म्हणजे आमच्यासारखं घर : तेच देव, तेच सोवळं, तीच आमटी. भाषा ऐकली आणि बाकी सगळं मी मनानेच भरलं. तुमचे आजोबा तेव्हा होते. रात्री जेवताना म्हणाले, “तू वर्ग घेतेस की सोयरिकी जमवतेस? पाच मिनिटांत माणसं तुझी झाली?”

“बोलण्यावरून कळतं,” मी म्हटलं.

“मग मला कळायला पस्तीस वर्षं का लागली?” असं म्हणून त्यांनी ताक मागितलं.

सुनंदाने त्या भिंतीला स्वतःच्या हाताने दोनदा चुना दिला. रेघ तरी पुसट दिसायचीच. दारात कोलम, म्हणजे इथली रांगोळी, काढायला ती मामींकडूनच शिकली. मामी जिन्यावर उभ्या राहून ठिपके मोजायला लावत. प्राची आणि मी सकाळी एकाच शेअर ऑटोने शाळेत जात असू. ती वाटेत मला मराठी म्हणी आणि कोडी घालायची, मी तिला तमिळ शिव्या सोडून बाकी सगळं तमिळ शिकवायचे. शिव्या तिला वर्गात आपोआप मिळाल्या.

ऑगस्टमध्ये धर्मांचे तास सुरू झाले. बौद्ध धर्माच्या पहिल्या तासाला मी ते वाक्य फळ्यावर लिहिलं. तास संपल्यावर वर्ग रिकामा झाला, प्राची मागे राहिली. फळ्याकडे पाहत हळूच म्हणाली, “मिस, शेवटचं वाक्य बरोबर नाहीये.”

“कुठलं?”

“नाहीसा झालाय, ते.” मग मराठीत, आणखी हळू, “आम्ही आहोत की. माझ्या पणजोबांनी नागपूरला दीक्षा घेतली. आमच्याकडे सगळे आहेत.”

आता मी जे केलं ते नीट ऐका. मला आनंद झाला. त्या मुलीचा आवाज का दबला होता, हा प्रश्न मला पडला नाही. माझ्या मनात आलं ते एवढंच, की या वर्षी बौद्ध टेबलावर पोटवाला बुद्ध नसेल. खऱ्या घरातली खरी वस्तू असेल. मी डस्टर उचलून ते वाक्य पुसलं आणि म्हटलं, “अगं, मग उत्तमच झालं! प्रदर्शनाला तुमच्या घरचं आणायचं हं.”

ती म्हणाली, “आईला विचारते.”

दोन दिवसांनी ऑटोत म्हणाली, आई नको म्हणते. मी विषय वाढवला नाही. पुढच्या आठवड्यात गुरुद्वाराची भेट झाली. प्राची पंगतीत माझ्या शेजारी बसली होती. डाळीत पोळी बुडवता बुडवता म्हणाली, “मिस, इथे खरंच कोणी काही विचारलं नाही.” आणि बसमध्ये चढताना, “मी आणते प्रदर्शनाला. तुम्ही आईशी बोला ना.”

मी बोलले. संध्याकाळी खाली गेले. चपला दारात काढल्या, आत जाऊन बसले. स्वयंपाकघरातल्या फळीवर पहिल्यांदाच नीट पाहिलं. एक लहान पितळी बुद्ध आणि त्याच्या बाजूला निळ्या कोटातल्या, चष्मा लावलेल्या बाबांची तसबीर. त्यांचे पुतळे आमच्या तमिळ गावांच्या नाक्यांवर लोखंडी पिंजऱ्यात उभे असतात. कोणी तोडू नये म्हणून. तुम्हाला तुमची आई सांगेल ते कोण. बाहेरून कोणी आलं की दिसू नये, अशा बेताने ती फळी दाराच्या आडोशाला होती. एवढ्या दिवसांत मी कितीतरी वेळा तिथे बसून चहा प्याले होते.

सुनंदा म्हणाली, “बाई, राहू द्या ना. आम्ही इथे कोणाला बोललो नाही. पुण्याला एकदा घर सोडावं लागलंय. घरात मासळीसुद्धा करत नाही आम्ही, यांना एवढी आवडते तरी.”

मी म्हटलं, “सुनंदा, शाळा आहे ती. तिथे कोण काय म्हणणार? आणि मी आहे ना.”

ती बराच वेळ ओढणीच्या टोकाला गाठी मारत राहिली. मग म्हणाली, “प्राचीला फार हौस आहे, बाई. तुमच्या भरवशावर पाठवते.”

प्रदर्शन छान झालं. प्राचीने बुद्ध आणि तसबीर दोन्ही आणलं, आणि दिवसभर टेबलामागे उभी राहून येईल त्याला इंग्रजीत, तमिळमध्ये समजावून सांगत होती. तिचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा मोठा ऐकला. पिंपळपान आणणारा मुलगा तिला विचारत होता, “मग तुमच्यात देव नाहीच? परीक्षेच्या आधी काय करता?” ती म्हणाली, “अभ्यास.” शेजारचा सगळा हिंदू टेबलवाला घोळका खदखदून हसला.

संध्याकाळी मी तिन्ही टेबलांचे फोटो आमच्या इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले. अभिमानाने. नेहमीच टाकत असे. कार्डांवरची अक्षरं अगदी स्वच्छ वाचता येत होती. माझं अक्षर चांगलं आहे.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी मी जिन्यात उतरत होते, तर मामी तळमजल्याच्या वळणावर थांबलेल्या. हातात फोन. सुनंदाचं दार अर्धं उघडं होतं. आतून कुकरची शिट्टी ऐकू आली, म्हणजे ती घरात होती. हे मला तेव्हाही कळत होतं.

“टीचरम्मा,” मामी म्हणाल्या, “हे खालचे लोक. तुम्ही मला म्हणालात, आमचीच माणसं.”

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला, पडद्यावर माझ्या अक्षरातलं प्राचीचं कार्ड.

“मी कोणाला वाईट म्हणत नाही. पोरगी गुणाची आहे. पण सांगायला नको? माझ्या सासूबाईंच्या वेळेपासूनची विहीर आहे मागे, माझं पूजेचं पाणी तिथून येतं. उद्या माझी भावंडं विचारतील तर मी काय सांगू? तुमच्या शब्दावर दिलं मी घर. तुम्हाला ठाऊक होतं?”

अनन्या, रोहन, तिथे बोलण्यासारखं पुष्कळ होतं. वर्गात मी सात-आठ वर्षं बोलतच होते. ‘मामी, ठाऊक नव्हतं, आता आहे, आणि त्याने काय बिघडलं?’ एवढं पुरलं असतं. मामी माझं ऐकत. पुराच्या वेळी त्यांची औषधं मीच कमरेएवढ्या पाण्यातून आणली होती. त्या मला उलट बोलल्या नसत्या. कदाचित पुटपुटल्या असत्या, चार दिवस अबोला धरला असता.

मी म्हटलं, “नाही, मामी. मला माहीत नव्हतं. त्यांनी मला सांगितलंच नाही.”

पहिलं वाक्य जूनपुरतं खरं होतं. दुसरं मी का बोलले, त्याचा मी आजवर विचार करते आहे. मामींच्या डोळ्यांत मला एक क्षण दिसलं, की त्या मलाही त्या दाराच्या आतली समजू लागल्या आहेत. तेवढं पुरलं. दार अर्धं उघडं होतं ते आतून हळूच बंद झालं. आपटलं नाही. कडीसुद्धा आवाज न करता लावली.

महिन्याभराने मामींनी सुनंदाच्या नवऱ्याला सांगितलं, मुलगा परत येतो आहे, घर लागेल. मुलगा आला नाही, येणार नव्हताच. नवऱ्याने एक शब्द विचारला नाही, “बरं” म्हणाला. अंबत्तूरला कारखान्याजवळ खोली पाहिली. तिथून आमच्या शाळेत रोज येणं शक्य नव्हतं, म्हणून शाळा सोडल्याचा दाखलाही काढला. मी मुख्याध्यापकांकडे जाईपर्यंत त्यावर सही झालेली होती.

त्या महिन्यात प्राची रोज माझ्या आधीच्या शेअर ऑटोने जात होती. वर्गात दिसली की “गुड मॉर्निंग, मिस” म्हणायची, बाकीच्यांसारखं. सामान गेलं त्या दिवशी मी शाळेत होते. परत आले तर दारातला कोलम अर्धा पुसलेला, टेम्पोच्या चाकाने. मामींनी घराला कुलूप लावलं आणि ते दोन वर्षं तसंच राहिलं. खिडकीतून आतली भिंत दिसे. सुनंदाचा चुना उडून रेघ पुन्हा वर आली होती.

तुमचे आजोबा मला काही बोलले नाहीत. एकदाच, पेपर वाचताना मान वर न करता म्हणाले, “तुझी मुलं जेवली ना त्या सरदारजींकडे? बरं झालं.”

त्यानंतर निवृत्तीपर्यंत तीन वर्षं मी तो विषय शिकवला. पुस्तकातून. टेबलं मांडली नाहीत. मुलांनी विचारलं तर सांगायचे, हॉल मिळत नाही. ज्या वाक्यावरून सगळं सुरू झालं, ते मात्र टिपणवहीतून खोडलं. अकरा वर्षांत मी केलेली ती एकच दुरुस्ती, आणि ती एका मुलीने सांगितली म्हणून.

अनन्या, तुला मी चार मुद्दे दिले. एक देव किंवा अनेक, दोन्ही चालतं. संस्थापक नाही. कर्म आणि पुनर्जन्म. घर हेच पहिलं देऊळ. चारही तू लिहिलेस, बाईंनी शाबासकी दिली असं तुझी आई म्हणाली. पाचवा मला ठाऊक आहे, पण मला तो पोस्टरवर मावेल इतका लहान करता येत नाही. तो मी अंबत्तूरला शिकले. जसा घडला तसाच सांगते.

त्या वर्षीचं प्रदर्शनातलं उत्कृष्ट मांडणीचं प्रमाणपत्र प्राचीला मिळालं होतं, आणि ते माझ्याकडे राहिलं होतं. दिवाळीनंतर शाळेच्या एका सुट्टीच्या दिवशी पत्ता शोधत मी गेले. दोन बस बदलून. कारखान्यांच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर खोली. सकाळचे अकरा वाजले असतील. दार सुनंदाने उघडलं.

“बाई? एवढ्या लांब?”

“प्राचीचं सर्टिफिकेट राहिलं होतं.”

“ती शिकवणीला गेलीय. द्या, मी देते.” तिने ते दोन्ही हातांनी घेतलं, पाहिलं, पदराने काचेवरची धूळ पुसावी तसं पुसलं.

तिच्या खांद्यावरून मला आतली समोरची भिंत दिसत होती. इथे फळी आडोशाला नव्हती, दारासमोरच होती. पितळी बुद्ध, निळा कोट, आणि त्यांच्या मध्ये टेकवून ठेवलेलं माझ्या अक्षरातलं पांढरं कार्ड. प्राचीचं नाव, वस्तू, धर्म.

मी म्हटलं, “सुनंदा, त्या दिवशी जिन्यात मी जे बोलले…”

“तुम्ही काही खोटं नाही बोललात, बाई. आम्ही नव्हतंच सांगितलं.” मग म्हणाली, “तुम्ही विचारलं नव्हतं.”

तिच्या आवाजात राग नव्हता. मला तो असायला हवा होता.

मी उजव्या पायातली चप्पल काढली. सवयीने. सात-आठ वर्षं मुलांना हेच तर विचारत आले होते, आत पाऊल टाकण्याआधी काय करता.

“राहू द्या, बाई,” सुनंदा म्हणाली. “चपला नका काढू. घरात पसारा आहे, आणि हे येतीलच आता जेवायला.”

तिचा नवरा संध्याकाळी सहाआधी कारखान्यातून सुटत नाही, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

“पाणी आणते,” ती म्हणाली, आणि स्टीलच्या पेल्यातून घेऊन आली. मी दाराबाहेर उभी राहून ते प्याले. पेला तिच्या हातात परत दिला. मग काढलेली चप्पल पायाने चाचपून पुन्हा घातली आणि जिना उतरले.